शिट्टीच्या बागेचं उद्घाटन

माझी ताई माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी आणि हट्टानं फारच मोठी आहे. तिच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा बायको म्हणाली, "वन्संबद्दल जरूर लिहा, पण चिडून लिहू नका." ते जमणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मी जन्मभर शहराच्या बससेवेत ड्रायव्हर होतो आणि हॉर्न वाजवणं सोडून दुसरी कसलीही वाङ्मयसेवा माझ्या हातून झालेली नाही. त्यातून विषय बागांचा. बाग म्हटलं की लोकांना फुलं आठवतात, मला सरकारी कचेरीचे जिने आठवतात.

ताई महापालिकेच्या उद्यान खात्यात होती. माळीण म्हणून लागली आणि मुकादम होऊन निवृत्त झाली. गळ्यात कायम एक पितळी शिट्टी. गवतावर कुणी पाय ठेवला की शिट्टी, फांदीला कुणी लोंबकळलं की शिट्टी, बाकावर दोघं जरा जास्तच जवळ सरकली की शिट्टी. त्या सगळ्यांचे शिव्याशाप घेऊन ती संध्याकाळी घरी यायची आणि वर आम्हालाच सांगायची की माणसांना बागेत वागायचं शिकवलं पाहिजे. वडील कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, "एक पोर दिवसभर हॉर्न वाजवतं, एक शिट्टी. म्हातारपणी मी शांततेसाठी जाऊ कुठे?" बागेत जाता येत नव्हतं, कारण तिथे ताई होती.

तिच्या स्वभावामुळे तिची सतत बदली व्हायची, आणि बदल्या होता होता शहरातल्या जवळजवळ सगळ्या बागा तिच्या हाताखालून गेल्या. त्यामुळे या शहराच्या बागांचा इतिहास मला जेवताना ऐकून ऐकून पाठ झाला आहे. सगळ्यात जुनी ती मोठी बाग. परक्या राजवटीतल्या साहेबांनी ती आपल्या मडमांना हवा खायला म्हणून केली. फाटकावर पहारेकरी असायचा, आणि आपल्यासारख्यांनी कुंपणाच्या गजांतून आतला बँड ऐकायचा. राज्य बदललं तसं फाटक उघडलं, आणि लोकांनी पहिल्याच सुट्टीला इतकी गर्दी केली की गुलाबाचे सगळे ताटवे भुईसपाट झाले. ताई म्हणते, तेव्हा मी असते तर एक गुलाब मोडू दिला नसता. ती असती तर राज्यच बदललं नसतं, असं माझं मत आहे.

मग पाण्याची बाग. जुन्या शहराच्या पाण्याच्या टाक्यांवर माती पसरून ती केली. खाली टाक्या असल्यामुळे मुळं खोल जाऊन चालत नाहीत, म्हणून ती सगळी बाग गुडघ्याएवढी आहे आणि तिथे सावली शोधायची तर स्वतःचीच. मग विमानाची बाग. मोडीत निघालेलं एक विमान कुणीतरी महापालिकेच्या गळ्यात मारलं. आता हे ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडला, म्हणून त्याच्याभोवती बाग केली. कागदोपत्री या सगळ्या बागांना थोरामोठ्यांची नावं आहेत, पण माझ्या बसमध्ये त्या नावानं तिकीट मागणारा माणूस मी पाहिला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. उद्यान खात्याची एक पद्धत आहे, आणि सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. एखादी बाग कधी झाली हे तिथे झाडं कधी लावली त्यावरून ठरत नाही. फीत कापायची, कोनशिला बसवायची आणि पाहुण्यांच्या हातून एक झाड लावायचं, या तीन गोष्टी झाल्या की त्या जागेला कागदावर 'उद्यान' म्हणतात. तोपर्यंत तिथे वनराई का माजेना, तिचं नाव 'मोकळी जागा'. ताई हे सांगायची तेव्हा आम्ही सगळे पोट धरधरून हसायचो.

एकदा मोठ्या बागेत तिनं कुणा बड्या अधिकाऱ्याच्या मेहुण्याला शिट्टी मारली. तो फुलं तोडत होता. शिक्षा म्हणून तिला एका तिकोनी जागेवर पाठवलं. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे एक पाचर उरली होती, आणि आजूबाजूची वस्ती तिथे कचरा टाकायची. फुटकी कमोडं, जुन्या गाद्या, राडारोडा. ताईनं ते सगळं उपसलं. गाड्या भरभरून माती आणवली. रोपवाटिकेत भांडून रोपं मिळवली, पण चांगली रोपं नेहमीच मोठ्या बागेला जायची. तिच्या वाट्याला आली ती वाकडी, शेंडा खुडलेली, इतरांनी नाकारलेली. ती सगळी तिनं जगवली. दीड-दोन वर्षांनी तिथे गवत आलं, चार बाक आले, फाटक आलं आणि उद्घाटनाची तारीख ठरली.

पाहुणे म्हणून महापौर येणार होते. फाटकातून आत शिरल्यावर बरोब्बर समोर, मधोमध, त्यांच्या हस्ते झाड लावायचा खड्डा खणून ठेवला होता. शेजारी काळ्या पिशवीत नीलमोहराचं रोप होतं. आदल्या दिवशी दुपारी मांडववाले बांबू घेऊन आले आणि गवतात पहार रोवायला लागले. गवत नुकतंच मूळ धरत होतं.

ताई म्हणाली, "इथे खणायचं नाही."

"मग मांडव काय हवेत बांधू?"

"रस्त्यावर बांधा."

"बाई, महापौर रस्त्यावर बसणार?"

"नाही बसले तर उभे राहू देत. ते अर्धा तास थांबणार. गवताला कायम राहायचंय."

मांडववाल्यानं तिच्याकडे दुर्लक्ष करून पहार मारली. ताईनं शिट्टी मारली. त्यानं दुसरी पहार मारली. मग ताईनं पाण्याचा पाइप उचलला आणि त्या सगळ्यांना बांबूंसकट धुऊन काढलं. ते निथळत निघून गेले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी महापौरांची गाडी आली तेव्हा ना मांडव, ना खुर्च्या. फाटकापाशी आदल्या दिवशीचा चिखल, आणि चिखलाच्या पलीकडे शिट्टी घेऊन उभी आमची ताई. महापौरांनी काच खाली केली, चिखलाकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि काच वर केली. गाडी निघून गेली. खात्याचे तेव्हाचे साहेब म्हणाले, "असू दे. पुढच्या महिन्यात उरकून टाकू."

मी ताईला म्हटलं, "जा, माफी माग. दोन शब्दांनी तुझं काय झिजणार आहे?"

ती म्हणाली, "कुणाची? गवताची?"

पुढचा महिना आला आणि गेला. महापौर बदलले, साहेब बदलले, फाईल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली आणि उद्घाटनाचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. रोप मात्र पिशवीत वाळायला लागलं होतं. उघड्या खड्ड्यात कुणाचा तरी पाय मोडायचा, असं म्हणून ताईनं एका सकाळी ते स्वतःच्या हातानं लावून टाकलं. फीत नाही, फोटो नाही, टाळ्या नाहीत.

पुढे तीसेक वर्षं ती बाग सुखानं नांदली. ताईच्या बदल्याही थांबल्या, कारण त्या तिकोनी जागेहून मोठी शिक्षा खात्याकडे नव्हती. लोक तिला शिट्टीची बाग म्हणायला लागले. मधोमध उभा राहिलेला नीलमोहर असा काही वाढला की त्याच्या फांद्या कुंपणाबाहेर आल्या आणि बाहेरच्या बसथांब्यावर सावली पडायला लागली. तो थांबा माझ्याच मार्गावर होता. उन्हाळ्यात लोक त्या सावलीत इतके रमायचे की बस आली तरी उठायचे नाहीत. मग मी हॉर्न वाजवायचो, आणि बागेजवळ हॉर्न वाजवला म्हणून ताई आतून शिट्टी मारायची. प्रवासी हसायचे. मी मात्र रोज नव्यानं चिडायचो, कारण माझीच सख्खी बहीण मला रोज भर रस्त्यात शिट्टी मारत होती.

ती निवृत्त झाली, मागोमाग मीही झालो. ताईच्या घरी एकही कुंडी नाही. दोन खोल्या, गॅलरीत दोरी आणि दोरीवर कपडे, बस. विचारलं तर म्हणते, "घरीही ड्यूटी करू का?" पण निवृत्तीनंतरही ती रोज सकाळी बागेत जायची, जुनी शिट्टी गळ्यात घालून. नव्या माळ्याला ती नको असायची, पण तिला सांगणार कोण?

एका सकाळी तिला कुंपणाला बांधलेला फलक दिसला. 'नियोजित बहुमजली वाहनतळ.' तिला वाटलं, कुणाचा तरी पत्ता चुकला. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं महापालिकेत गेलो.

खिडकीतल्या कारकुनानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "इथे बाग नाही."

ताई म्हणाली, "अहो, मी आत्ता तिथूनच चालत आले."

"असेल ना, बाई. पण नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आवाज चढवला तसं आम्हाला वरच्या मजल्यावर, उद्यान अधीक्षकांकडे पाठवलं. हे साहेब तरुण, गोड बोलणारे. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि मग शांतपणे समजावलं की उद्यानाच्या जागेवर बांधकाम करता येत नाही, असा कायदाच आहे. मोकळ्या जागेवर मात्र करता येतं. तुमच्या जागेचं उद्घाटन झालेलं नाही, म्हणून ती उद्यान नाही.

"मग इतकी वर्षं मी काय करत होते तिथे?" ताईनं विचारलं.

"मोकळ्या जागेची देखभाल," साहेब म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. कागदावर खरंच तसं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

त्यानंतर आम्ही किती जिने चढलो त्याला गणती नाही. इमारत खातं म्हणे उद्यान खात्याकडे जा, उद्यान खातं म्हणे नियोजन खात्याकडे जा, आणि नियोजनवाले जेवायला गेलेले. वस्तीतल्या लोकांच्या सह्या गोळा केल्या. एक वार्ताहर येऊन ताईचा शिट्टीसकट फोटो काढून गेला, पण बातमी छापली ती भलत्याच बागेच्या नावानं. ताईचे गुडघे दुखायचे. ती कठडा धरून एकेक पायरी चढायची आणि मी मागून चढताना सगळ्या महापालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. ती मलाच गप्प करायची. ती, जी आयुष्यात कधी गप्प बसली नाही!

याच सुमारास तिच्याकडे एक मुलगी आली. उद्यान खात्याला शंभर वर्षं होणार होती आणि त्यानिमित्त शहराच्या सार्वजनिक बागांचा इतिहास छापायचा होता. तो लिहायचं काम हिला दिलं होतं. ताई तिला इतिहासवाली म्हणायची. ती जुन्या लोकांना भेटून आठवणी गोळा करत होती. ताईनं तिला मोठ्या बागेचा बँड सांगितला, पाण्याच्या बागेच्या टाक्या सांगितल्या, विमान सांगितलं. दुपारचा सगळा वेळ ती लिहून घेत होती. मग ताईनं विचारलं, "आणि माझी बाग कुठल्या पानावर येणार?"

पोरीचा चेहरा पडला. "ती नाहीये, ताई. मी कोनशिला बघून बागा धरल्या आहेत. मला तसंच सांगितलंय."

तिनं वही मिटली, परत उघडली. मग म्हणाली, "एक सांगू का? साहेबांना शंभराव्या वर्षी एक नवं उद्यान उघडायचंय. जागाच मिळत नाहीये त्यांना. तुमचीच बाग नवी म्हणून उघडली तर?"

"तीस वर्षांची बाग नवी?" मी म्हटलं.

"कागदावर तर ती नाहीच आहे, काका. मग नवी म्हणायला कोण अडवणार?"

मला तो शुद्ध वेडेपणा वाटला, पण साहेबांना तो एकदम पटला. कालपर्यंत जी फाईल हलत नव्हती ती आता धावायला लागली. वाहनतळाचा फलक उतरला. कोनशिलेचा दगड आला. तारीख ठरली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आणि इथे एकही विघ्न येईना. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

साहेब फोटोवाल्याला घेऊन जागा बघायला आले. ताईनं त्या दिवशी चांगली साडी नेसली होती. साहेब फाटकात उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण कुठे करायचं?"

रिकामी जागा नव्हतीच. ताईनं इतक्या वर्षांत एक हातभर जमीन मोकळी सोडली नव्हती. मागच्या कोपऱ्यात थोडी होती, पण फोटोवाला म्हणाला, तिथे उजेड नाही. फाटक, कोनशिला, झाड आणि पाहुणे एकाच फोटोत यायला हवेत, म्हणजे मधोमधच. मधोमध नीलमोहर उभा होता.

ताईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "साहेब, हेच पाहुण्यांचं झाड आहे. त्यांच्याचसाठी आणलं होतं. ते आले नाहीत, म्हणून मी लावलं. आता येताहेत ना? येऊन दोन तांबे पाणी घालू देत."

साहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, "ताई, मला सगळं कळतं. पण मी वर 'नवं उद्यान' म्हणून मंजुरी घेतलीय. पाहुण्यांच्या समोर एवढं मोठं झाड दिसलं आणि कुणी विचारलं की मोकळ्या जागेवर हे कुठून आलं, तर फाईल परत उघडेल. वाहनतळवाले टपूनच बसलेत. मागची झाडं फोटोत येत नाहीत. अडचण एवढ्या एकाचीच आहे."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. झाड लावायला जागा हवी म्हणून झाड पाडायचं! हा न्याय कुठल्या शाळेत शिकवतात, असं विचारलं. फोटोवाला गाडीत जाऊन बसला. साहेब गोरेमोरे होऊन उभे होते. ताईनं माझ्या दंडाला धरलं आणि बाजूला केलं.

"बाकीच्या झाडांना हात लावणार नाही?" तिनं साहेबांना विचारलं.

"शब्द देतो."

"आणि वाहनतळ?"

"एकदा उद्यान झालं की कुणाचा बापही बांधू शकणार नाही."

ताईनं झाडाकडे एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "पाडा."

घरी येताना मी रस्ताभर बडबडत होतो. तू हो कशाला म्हणालीस, आपण कोर्टात गेलो असतो, पेपरात दिलं असतं, झाडाला मिठी मारून बसलो असतो. तिच्या घराच्या जिन्यापाशी थांबून ताई म्हणाली, "त्या दिवशी मांडव बांधू दिला असता ना, धाकट्या, तर आज हे झाड राहिलं असतं."

मी म्हटलं, "तू गवतासाठी केलंस ते."

"ते गवत त्याच उन्हाळ्यात वाळलं," ती म्हणाली. "मुळापासून. सगळं काढून परत लावावं लागलं."

तीस वर्षांत हे तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं. ती जिना चढायला लागली. मी तिच्या मागून गुपचूप वर गेलो आणि तिच्या हातचा चहा पिऊन घरी आलो.

झाड पाडायला माणसं आली ती सकाळच्या वेळी. थांब्यावर नेहमीसारखीच गर्दी होती, ऑफिसला जाणारी माणसं, शाळेची पोरं. दोरखंड बांधले गेले, करवत सुरू झाली, तरी लोक सावली सोडून हलेनात. वर काय चाललंय ते बघतही नव्हते. ताई फाटकातून बाहेर आली आणि तिनं शिट्टी मारली, एवढ्या जोरात की पलीकडच्या दुकानदारानंही मान वर केली. "व्हा बाजूला! ए, पोरांना घ्या तिकडे! फांदी येतेय!" हातवारे करून करून तिनं सगळ्यांना रस्त्यापलीकडे घालवलं. एकेक फांदी खाली येईपर्यंत ती शिट्टी वाजवत उभी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेवटी बुंधा आडवा झाला तेव्हा थांब्यावर एकदम ऊन पडलं, आणि तिथल्या एका बाईनं पर्समधून छत्री काढली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मांडववाले आले. हा त्या जुन्या मांडववाल्याचा मुलगा होता. ताईला बघून तो चार पावलं मागे सरकला. म्हणाला, "बाई, वडील सांगायचे, तिथे जाशील तर छत्री घेऊन जा." ताई हसली नाही. गवतात कुठे कुठे पहार मारायची ते तिनं स्वतः दाखवलं. जमीन कडक होती, तिथे पाणीही मारून दिलं. माझ्यानं ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सगळं रीतसर झालं. फीत कापली, कोनशिलेवरचा पडदा सरकवला. पाहुण्यांनी एक नीलमोहराचं रोप खड्ड्यात ठेवलं. खड्डा कसला, जुन्या बुंध्याच्या मुळांनी खालची जमीन भरलेली, त्यामुळे टीचभर खणून वर मातीचा ढीग केला होता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की कालपरवापर्यंत इथे उजाड मोकळी जागा होती, गवताची काडीही नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईकडे पाहिलं. पुढच्या रांगेत तिला खुर्ची दिली होती, जुनी कर्मचारी म्हणून. शिट्टी तिनं मुठीत धरली होती. मला वाटलं, आता वाजवेल. तोंडावर एकदा वाजवावी, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं वाजवली नाही. पाहुण्यांना फूल दिलं आणि जागेवर येऊन बसली.

पाहुणे गेले, मांडव सुटला, तसं ते रोप कलंडलं. ताईनं ते उचललं आणि मुळं टाळून, जरा बाजूला, माळ्याकडून नीट खोल खड्डा खणून घेऊन लावलं. आता ते फोटोच्या मधोमध नाही.

पुस्तकही निघालं. जाडजूड, गुळगुळीत कागद. आमची बाग शेवटच्या पानावर आहे: शहरातलं सर्वांत नवं उद्यान. इतिहासवाली पोरगी पुस्तक द्यायला स्वतः आली होती. म्हणाली, "मी खरं काय ते एका ओळीत लिहिलं होतं, ताई. काढून टाकलं त्यांनी." ताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पान आहे ना? पुरे झालं." पोरगीच रडली.

मला ते पुरे झालेलं नाही. बाग वाचली, हे खरं आहे. आता तिथे कुणाला वाहनतळ बांधता येणार नाही. पण मी तिथून गेलो की अजूनही हात आपोआप हॉर्नकडे जातो, आणि हॉर्न नसतो.

गेल्या आठवड्यात भर दुपारी गेलो. थांब्यावर माणसं कुंपणाला चिकटून, खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी होती. ताई आत होती, बादली घेऊन. नवा माळी उन्हात बाहेर पडत नाही, म्हणून हिला यावं लागतं. थांब्यावरच्या एका बाईनं कुंपणातून विचारलं, "अहो शिट्टीबाई, इथे सावली होती ना हो?"

"होती," ताई म्हणाली.

"मग गेली कुठे?"

"येईल परत. गेल्या वेळी आली होती की."

गेल्या वेळी यायला किती वर्षं लागली ते त्या बाईला माहीत नव्हतं. मला होतं, आणि ताईचं वयही मला माहीत आहे. रोप तिच्या गुडघ्याला जेमतेम लागत होतं. ती उन्हाच्या बाजूला उभी राहून, आपली सावली त्याच्यावर पडेल अशा बेतानं, हळूहळू पाणी घालत होती. मला ते काही सहन होईना. मी तरातरा आत गेलो आणि म्हटलं, "बस झालं, ताई. ऊन लागेल तुला. चल घरी."

ताईनं बादली खाली ठेवली, शिट्टी तोंडाला लावली आणि माझ्याकडे बघून जोरात मारली.

मी खाली पाहिलं. माझा पाय गवतावर होता.